पाच दिवसांचं एक वर्ष

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू वैतागलास, "दादा, इथे राहतो, इथे भाडं भरतो, पगारही इथेच होतो, मग मी नॉन-रेसिडेंट कसा?" प्रश्न रास्त आहे. व्हिसाचं स्टेटस एक, फी ठरवताना युनिव्हर्सिटी बघते ती रेसिडेन्सी दुसरी आणि आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, तिसरी. नावं सारखी, पण एकीचं दुसरीला काही देणंघेणं नाही.

आयआरएस दिवस मोजते. यंदाचे सगळे, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, त्याच्या आदल्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ भरली आणि त्यात यंदाचे किमान ३१ असले, की तू करापुरता रेसिडेंट. मात्र एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्यांचे पहिल्या पाच वर्षांतले दिवस या बेरजेत धरतच नाहीत. अशा माणसाला ते 'एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल' म्हणतात, आणि ते वाचून दरवर्षी कुणीतरी खूश होतं, की चला, कर माफ! माफ फक्त दिवसांची मोजणी आहे. कर भरायचाच.

आता ही पाच वर्षं कुठली? तू उतरल्या तारखेपासूनची नव्हेत, कॅलेंडरची. तू आलास २७ डिसेंबर २०२४ला. सामान सोडून झोप काढेपर्यंत साल बदललं, पण त्या पाच दिवसांत २०२४ अख्खं खर्ची पडलं. म्हणजे तुझी वर्षं २०२४ ते २०२८, आणि एफ-१वरच राहिलास तर १ जानेवारी २०२९पासून मोजणी सुरू. मध्येच एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, झाला, तर त्या दिवसापासून. १ ऑक्टोबरला झाला तर डिसेंबरअखेर ९२ दिवसच भरतात, म्हणून त्या साली सहसा नॉन-रेसिडेंटच राहतोस.

माझं सांगतो. पहिल्या वर्षी रूममेटने त्याचं फुकटातलं सॉफ्टवेअर दिलं. तो रेसिडेंट होता, मी नव्हतो. रेसिडेंटच्या साध्या १०४० टॅक्स फॉर्मवर मीही शिक्षणखर्चाचं क्रेडिट घेतलं, रिफंड आला, आम्ही थाळी खायला गेलो. दोन वर्षांनी चूक कळली. दुरुस्तीचा १०४०-एक्स फॉर्म भरून ते पैसे व्याजासकट परत केले. थाळी महागात पडली. तुझा फॉर्म नॉन-रेसिडेंटचा १०४०-एनआर, सोबत ८८४३, म्हणजे ते न मोजायचे दिवस कळवणारा फॉर्म. आणि हो, २०२४ला कमाई शून्य असली तरी त्या सालचा ८८४३ लागतोच. राहिला असेल तर आता सही करून पोस्टाने पाठव.

लायब्ररीतल्या नोकरीचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, आला की चौथा आणि सहावा रकाना बघ. सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के तिथे दिसतात. नॉन-रेसिडेंट एफ-१ विद्यार्थ्याचे ते कापायचे नसतात, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीवर, असतानाही नाही. कापले असतील तर आधी पेरोलवाल्यांकडे जा. पहिल्या खेपेला ते "बघतो" म्हणतील, दुसऱ्यांदा जा. नाहीच ऐकलं तर ८४३ फॉर्म भरून आयआरएसकडे मागता येतात.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडलेली आहे. भारत-अमेरिका करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला नॉन-रेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, २०२५साठी १५,७५० डॉलर. इतर बहुतेक देशांच्या पोरांना ही सोय नाही, त्यामुळे तुझ्या चिनी लॅबमेटचा फॉर्म बघून आपला भरू नकोस.

आजोबांनी तुझ्या नावावर ठेवलेल्या एफडीचं विचारलं होतंस. सध्या तिचं व्याज इथे दाखवायचं नाही. रेसिडेंट झालास की दाखवावं लागेल, आणि तिकडच्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा. आईला एवढं सांग, की पावत्या फाडू नका.

१५ एप्रिल लांब वाटतो, पण तोवर तुझी मिडटर्म आहे. आय-९४च्या, म्हणजे प्रवेशनोंदीच्या, सरकारी साइटवरून ये-जा केल्याच्या तारखा उतरवून घे आणि डब्ल्यू-२ घेऊन रविवारी घरी ये. वहिनी साबुदाण्याची खिचडी करणार आहे, आधी खाऊ, मग बसू.

तुझा,
दादा