विश्वास कमी पडला म्हणून नाही

प्रिय बेटा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचलं. बाबांसाठी उपास धरले, रात्ररात्र प्रार्थना केली, तरी बाबा गेले. वरून त्या सभेतले उपदेशक म्हणाले की घरात पुरेसा विश्वास असता तर माणूस खाटेवरून उठला असता. आणि आता तू मला विचारतेस, माझ्यात काय कमी पडलं?

काही कमी पडलं नाही. तुझ्या विश्वासाच्या मापाने बाबांचं आयुष्य ठरत नव्हतं.

प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या दुखण्यासाठी, प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते." आता सांग, पौलाचा विश्वास कमी होता? लाजर मेला तेव्हा मार्था आणि मरिया दोघींनीही येशूला तोंडावर ऐकवलं की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने मरियेला रडताना पाहिलं आणि तोही रडला. आपला प्रभू असा आहे. त्या मंडपात माईक घेऊन उभा असलेला माणूस वेगळा.

तू आईसोबत कापूस वेचायला जातेस. संध्याकाळी धुऱ्यावर वजनकाटा लागतो, गाठोडं टांगलं जातं, जेवढे किलो तेवढी मजुरी. दवाने भिजलेला कापूस असला की त्यातूनही कापतात. आपल्या लोकांचे जन्म त्या काट्यासमोर उभं राहण्यात गेले, म्हणून देवही तसंच मोजत असेल असं वाटतं. नाही मोजत, बेटा. द्राक्षमळ्याच्या मालकाने तासभर राबलेल्यालाही दिवसभराची मजुरी दिली, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले. तो दाखला तू संडे स्कूलमध्ये पाठ म्हणून दाखवला होतास. मग आज का विसरलीस?

माझी बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा असेच पाहुणे येऊन तिच्या विश्वासाची उलटतपासणी करायला लागले. मी त्यांना घराबाहेर काढलं. त्यात तिचा सख्खा भाऊही होता. मंडळीत मला उद्धट ठरवलं गेलं, आणि त्याच्याशी तुटलेलं बोलणं तो जाईपर्यंत जुळलं नाही. त्याची खंत आहे, राहील. पण बायको शेवटचे दिवस येशूच्या भरवशावर जगली, आपलंच काही चुकलं या भीतीत नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा दार दाखवीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत.

प्रभूवर राग आलाय, हे लिहिताना तू घाबरलीस. येऊ दे राग. कवी नारायण वामन टिळकांना आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका साहेबाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते जागीच खिळले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र रडल्या, संतापल्या, वेगळ्या राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. तेवढी वर्षं प्रभूने त्यांना हाकलून दिलं नाही.

ताकद कुठून आणू, असं विचारतेस. आणायची नाहीच. पौलाला मिळाली ती काटा तसाच असताना. आणि तारण? येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या गुन्हेगाराकडे उपास नव्हते, दशमांश नव्हता, मरायला थोडाच वेळ उरला होता. येशूने त्याला सांगितलं, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." तुझे बाबा तर आयुष्यभर प्रभूचं नाव घेत जगले.

म्हणून त्या सभेला पुन्हा जाऊ नकोस. आईने कानातले मोडून दान द्यायचं ठरवलंय असं लिहिलंस, ते आधी थांबव. त्या पैशात तुझी नर्सिंगची फी भर. प्रार्थना सुचत नसेल तर करू नकोस, मी करतोय. रविवारी उपासनेला ये, मागच्या बाकावर बस, गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. उपासना सुटली की आईला घेऊन सरळ आमच्याकडे जेवायला या.

तुझा,
काका