वाचकांचे प्रश्न : यम आला की लोक हसतात

प्रश्न : अर्ध्या तासाची एकांकिका बसवतोय. म्हाताऱ्याला न्यायला यम येतो, प्रसंग गंभीर आहे. पण तालमीतली पोरं यम दिसला की हसतात. मुकुट, गदा, रेड्याचा मुखवटा सगळं केलंय. चुकतंय कुठं? (विटा)

उत्तर : त्या मुकुटातच. फार्स आणि जाहिरातींनी यमाचा साहेब आणि चित्रगुप्ताचा कारकून करून टाकलाय, त्यामुळे तो वेश दिसला की हसायचं हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलंय. त्यात तुमचा जिल्हा सांगली. मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, 'सीतास्वयंवर', विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथंच केलं. तिथल्या माणसाला नुसत्या मुकुटानं दबवता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वातल्या सावित्रीच्या कथेतला यम बघा. रेडा नाही, गर्जना नाही. तांबडे डोळे, हातात पाश, आणि सत्यवानाशेजारी उभा राहून तो नुसता बघतोय. 'आपण कोण?' हे आधी सावित्री विचारते. मग अंगठ्याएवढा पुरुष पाशानं ओढून काढून तो दक्षिणेकडे चालू लागतो.

तेव्हा ढोल, धूर, लाल दिवा काढा. साध्या कपड्यात, खाटेच्या उशाशी, पहिल्या पाच मिनिटांतच त्याला उभा करा आणि दोन-तीन मिनिटं वाक्यच देऊ नका. तो फक्त म्हाताऱ्याला दिसतो. बाकीच्यांनी त्याच्या जागेला नकळत वळसा घालायचा. त्यासाठी जमिनीवर खडूनं चौकोन आखून तालीम करा. एकाची जरी नजर त्याच्याशी भिडली तरी सगळं फिसकटतं.

वेशापेक्षा महत्त्वाचा त्याचा नियम. ज्याला काहीही करता येतं अशा यमाशी झगडा रंगत नाही. सावित्रीला पहिले चार वर देताना यम दर वेळी 'सत्यवानाचं जीवित सोडून' अशी अट घालतो. चौथ्या वरात ती सत्यवानापासून शंभर पुत्र मागून घेते. पाचव्या वेळी यम अट घालायची विसरतो आणि ती नेमकं तेच दाखवून देते. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या जर्मन लोककथेत मृत्यू पायाशी उभा राहिला तर रोगी त्याचा. वैद्य रोग्यालाच उलटा फिरवतो. दोनदा जमतं, मग वैद्याच्याच आयुष्याची मेणबत्ती विझते. तुमच्या यमाचा नियम पहिल्या सात-आठ मिनिटांत प्रेक्षकाला कळला पाहिजे. शेवटी नवा नियम काढलात तर ती फसवणूक वाटेल.

प्रश्न : मृत्यू बाईच्या रूपात दाखवला तर परंपरेला सोडून होईल का? (कराड)

उत्तर : मुळीच नाही. द्रोणपर्वात ब्रह्मदेवानं निर्माण केलेली मृत्यू ही स्त्रीच आहे. माणसं मारायला ती तयार नसते, रडते, आणि तिच्या आसवांचे रोग होतात. आपल्याकडच्या कथालेखकांनी हिला फारसं हात लावलेला नाही, नवल आहे. अडचण भाषेची : मराठीत 'मृत्यू' पुल्लिंगी, 'मरण' नपुंसकलिंगी. 'मृत्यू आली' कानाला खटकतं. तिला दुसरं नाव द्या, किंवा 'ती' एवढंच म्हणा.

प्रश्न : मलक-उल-मौत आणि इज्राईल दोन वेगळे का? (मिरज)

उत्तर : एकच. कुराणात मलक-उल-मौत एवढंच येतं, म्हणजे मृत्यूचा फरिश्ता. इज्राईल हे नाव नंतरच्या परंपरेतलं.