'अराजक' नेमकं कुणाचं?

शिवडीहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'आंतरराष्ट्रीय व्यवस्था अराजक असते' असं वाक्य आहे. इथे बंदरात तर जहाजं शिस्तीत ये-जा करतात. मग अराजक कसलं? आणि हे म्हणणं फक्त वास्तववाद्यांचं की सगळ्यांचं?"

पुस्तकातला शब्द चोख आहे. गोंधळ होतो तो रोजच्या वापरामुळे. बोलण्यात अराजक नेहमी 'माजतं', म्हणजे जाळपोळ, लुटालूट, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. त्यासाठी आपल्याकडे बेबंदशाही आहे, अनागोंदी आहे. मुळात अराजक म्हणजे फक्त 'ज्याला राजा नाही ते'. राज्यशास्त्राला एवढंच म्हणायचं असतं : देशांच्या डोक्यावर हुकूम चालवणारं कुणी नाही.

शांतिपर्वात म्हटलं आहे की राजा नसला की पाण्यातले मोठे मासे लहानांना खातात तशी माणसं एकमेकांना खातात. कौटिल्य याला मात्स्यन्याय म्हणतो. अराजक ही स्थिती, मात्स्यन्याय हा तिचा परिणाम. हे दोन शब्द वेगळे ठेवले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, कारण सिद्धांतांचं भांडण नेमकं या दोहोंच्या मधल्या सांध्यावर आहे. वास्तववादी केनेथ वॉल्ट्झ यांच्या १९७९ च्या मांडणीत वर कुणी नसल्यामुळे प्रत्येक देशाला स्वतःच्याच बळावर विसंबावं लागतं. उदारमतवादी बाजूच्या रॉबर्ट कोहेन यांनी १९८४ मध्ये हीच स्थिती गृहीत धरली, पण नियम आणि संस्था असतील तर स्वार्थी देशही सहकार्य करतात, असं दाखवलं. रचनावादी अलेक्झांडर वेंट १९९२ मध्ये म्हणाले की नुसत्या अराजकातून काहीच ठरत नाही. देश एकमेकांना कोण समजतात, त्यावर सगळं ठरतं.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' या अपहृत जहाजावर पकडलेले ३५ सोमाली चाचे आयएनएस कोलकाताने मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. वास्तववादी म्हणेल, नौदलाचं बळ होतं म्हणून हे झालं. उदारमतवादी १९८२ चा समुद्र कायद्याचा करार पुढे करेल : भर समुद्रात चाच्यांना पकडणारा कोणताही देश त्यांच्यावर खटला चालवू शकतो, आणि त्यासाठी भारताने २०२२ मध्ये स्वतःचा कायदाही केला. रचनावादी त्याही आधीचा प्रश्न विचारेल : चाचा कुणाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना चाचा ठरवलं होतं. आपल्या लेखी ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, दस्तक (परवाना) न घेणारी जहाजं अडवण्याचा हक्क असलेले. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. समुद्र तोच, त्यावर राजा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही; बदलली ती मान्यता.

म्हणून 'सगळे आपापल्या जागी बरोबर' असं लिहून मोकळं होऊ नका. युद्धनौका नसती तर करार कागदावरच राहिला असता का, की करारामुळेच ती युद्धनौका तिथे बिनविरोध वावरू शकली, यावर त्यांचं खरंच पटत नाही, आणि तो वाद जिवंत आहे.

'सगळ्यांचं' असंही म्हणता येणार नाही. इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांच्यासारखे अभ्यासक जगाकडे केंद्र (श्रीमंत, वरचढ देश) आणि परिघ (त्यांच्यावर अवलंबून असलेले गरीब देश) अशी उतरंड म्हणून पाहतात. त्यांच्या मांडणीचा भर अराजकावर नाही.

लिहिताना एक पथ्य पाळा. 'अराजकतावाद' हा शब्द इथे वापरू नका. राज्यसंस्थाच नको म्हणणारी ती स्वतंत्र विचारसरणी आहे. तिचा या वादाशी संबंध नाही.