रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवा, बाकीचं नंतर बघू

तुम्ही लिहिलंय की रात्री दीड-दोनपर्यंत युद्ध, अपघात, पूर असं एकामागून एक वाचत बसता आणि सकाळी लोकलमध्ये पुन्हा तेच. वाचून पोटात कालवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझं हेच चाललं होतं.

बाबांना कोविड झाला होता. ते आतल्या खोलीत, आणि मी बाहेर अंधारात कुठे ऑक्सिजन संपला, कुठे खाटा नाहीत ते वाचतोय. वाटायचं, सगळं माहीत करून घेतोय म्हणजे बाबांचीच काळजी घेतोय. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. एका रात्री त्यांनी पाण्यासाठी दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली नाही. सकाळी आईने रिकामा तांब्या माझ्यासमोर ठेवला, बोलली काही नाही. बाबा बरे झाले, पण तो तांब्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुढे ऑफिसने दिलेल्या समुपदेशनाच्या नंबरवर फोन केला. पाच मिनिटांत 'स्क्रीन टाइम कमी करा' म्हणून बोळवण केली. झोप येते का, एवढंही विचारलं नाही. त्याचा राग अजून आहे.

अ‍ॅपला वेळेची मर्यादा घालणं माझ्या मते फुकट. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण मी दर वेळी 'आणखी १५ मिनिटं' दाबायचो. खरं दुखणं हे की फीडला, म्हणजे बोट सरकवलं की खाली येतच राहणाऱ्या बातम्यांना, शेवट नाही. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये तयार करणाऱ्या एझा रास्किनने स्वतःच पुढे त्याबद्दल खंत बोलून दाखवली. म्हणून मी जे संपतं तेवढंच घेतो: छापील पेपर, नाहीतर आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या.

फोन रात्री मिक्सरच्या प्लगला लावतो. गजराचं घड्याळ वेगळं घ्याच, नाहीतर गजराच्या नावाखाली फोन परत उशाशी येतो. पहिल्या चार-पाच रात्री हात उशीखाली चाचपत राहतो, तेवढं सोसा. स्क्रीनचे रंग काढून ती करडी करून ठेवली तरी ओढ कमी होते. प्रवासासाठी मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा सभासद झालो. गर्दीत उभ्याने पुस्तक धरता येत नाही हे खरं, तेव्हा गाणी ऐकतो.

मी डॉक्टर नाही. छातीत धडधड होत असेल, झोप पार उडाली असेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आज रात्री फोन कुठे ठेवलात ते उद्या नक्की कळवा.