हाफ मॅरेथॉनच्या तयारीत कोणत्या चुका टाळाव्यात आणि शूज कोणते घ्यावेत?

शूजचं शेवटी सांगतो. त्या विषयावरून आमच्या घरात आधीच बरंच रामायण झालंय.

तुम्ही लिहिलंय की तीन महिने हातात आहेत, रोज 5 किलोमीटर ‘जीव तोडून’ पळताय आणि नडगी जराशी दुखते. वाचलं आणि माझाच जुना फोटो बघितल्यासारखं झालं.

2018 साली मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं. माझी सासुरवाड साताऱ्याची, साडूही तिथलेच. यवतेश्वरचा घाट म्हणजे त्यांचं अंगण. मी पुण्यात तळजाईवर पळायचो, ते घाटात, आणि दोघं एकाच अ‍ॅपवर. रात्री जेवण झालं की मी त्यांचा आकडा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोडायला निघायचं. माझ्या डायरीत जूनचा पहिला आठवडा 18 किलोमीटर आहे, जुलैचा तिसरा 46. आणि जवळजवळ प्रत्येक दिवसापुढे एकच शेरा: ‘फुल दम’.

जुलैअखेर डाव्या नडगीला आतल्या बाजूने, घोट्याच्या वीतभर वर दुखायला लागलं. आधी सगळी नडगी दुखायची आणि अंग गरम झालं की थांबायचं. मग दुखणं एका जागी आलं, रुपयाच्या नाण्याएवढ्या. डॉक्टरांनी तिथे अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उडालोच. एक्स-रेत काही नव्हतं. तरी ते म्हणाले, पळणं बंद, ही दुखणी एक्स-रेत उशिरा दिसतात. मी साडूंना फोन केला. ते म्हणाले, “एक्स-रे क्लीन हाय न्हवं? मग पळा की पावनं!”

पळालो. दोन आठवड्यांनी मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायला लागली. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली, स्ट्रेस फ्रॅक्चर. शर्यतीच्या दिवशी मी घाटात धुक्यात उभा राहून लोकांना केळी सोलून देत होतो. साडूंनी माझ्या हातून केळं घेतलं, वर म्हणाले, “शूज चांगले घ्यायला पाहिजे होते.” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हाच विषय: पावण्यांनी शूजमध्ये पैसे वाचवले आणि पाय मोडून घेतला.

शूजने काहीही झालं नाही. हाड ताण पडला की आधी थोडं झिजतं, मग भरून येतं, आणि त्याला वेळ लागतो. दम महिन्याभरात वाढतो, हाड त्या वेगाने घडत नाही. म्हणून फसायला होतं: छाती म्हणते पळ, नडगी अजून मागच्या आठवड्यातच असते. तुमचं रोजचं जीव तोडणं पहिलं बंद करा. आठवड्यातले बहुतेक दिवस शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. मी आता किलोमीटरला साडेसात मिनिटं घेतो. तळजाईवर काठी घेतलेले एक आजोबा चढावर मला गाठतात, गाठू देत. लांब पल्ला आठवड्यातून एकदाच, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथा हलका. घाटाची शर्यत असेल तर उताराचाही सराव हवा. चढावर फक्त दम जातो, मांड्या पिंजून निघतात त्या उतारावर. पेनकिलर खाऊन पळायचं तर अजिबात नाही, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असलं की मूत्रपिंडावर येतं.

शूज संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहू द्या. पायाला सुखाचे वाटतील ते घ्या, पण शर्यतीच्या दिवशी कोरे घालू नका. कंपनी विचारू नका, मला त्यात रस नाही.

मी बँकेत नोकरी करतो, डॉक्टर नाही. तुमची नडगी लांबवर दुखते की एकाच ठिकाणी, ते आज बोटाने दाबून बघा. एकाच ठिकाणी असेल तर हे उत्तर बाजूला ठेवून अस्थितज्ज्ञांकडे जा. तीन महिन्यांनंतरची शर्यत हुकली तरी चालेल, पुढच्या वर्षी परत असतेच. शुगर-बीपी असेल तर तेही आधी तपासून घ्या, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

आणि साडूंनी हे वाचलंच, तर डायरी जपून ठेवली आहे. कधीही या, पानापानाने दाखवतो.