वय २०, आजवर एकटीने कुठेच गेले नाही, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की जन्म नागपुरातला, कॉलेजला बाबाच सोडतात-आणतात, कपड्यांपासून शाखेपर्यंत सगळं घरच्यांनी ठरवलं, आणि आता ‘मला नेमकं काय आवडतं?’ हेच सांगता येत नाही.

कसं येईल? निवड करायची वेळच आली नाही, तर आवड कळणार कुठून? म्हणून एकदम हिमालयातला ट्रेक बुक करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथेही कधी उठायचं, कुठे जेवायचं, हे दुसराच ठरवतो.

पहिले दोन आठवडे शहरातच काढा. घराजवळून मेट्रो धरा, सीताबर्डीला गाडी बदला, दुसऱ्या मार्गाच्या टोकापर्यंत जाऊन या. बँकेत जाऊन पासबुक स्वतः भरून आणा. ५०० रुपयांत घरची आठवड्याची भाजी आणा. भाजीवाल्याने “किती देऊ?” विचारलं की हात आपोआप फोनकडे जातो. तो फोन आईला लावायचा नाही. अर्धा किलो की पाव, तुम्हीच सांगा. चुकलं तर चार वांगी जास्त येतील, एवढंच.

मग एका दिवसात जाऊन-येऊन वर्धा. रेल्वेने ८० किलोमीटरच्या आत आहे. जनरलचं तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवू नका. इतक्या जवळच्या प्रवासाचं तिकीट काढल्यावर साधारण ३ तासांत निघावं लागतं. ते घेऊन रिझर्वेशनच्या डब्यात चढलात तर दंड बसतो. नवख्यांचा आणखी एक घोटाळा होतो: मुंबईच्या वाटेवरचं स्टेशन वर्धा, बल्लारशाच्या वाटेवरचं, वर्ध्यालगतचं सेवाग्राम. गाडी कुठे थांबते ते चढण्याआधी विचारून घ्या. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा.

सेवाग्राम आश्रमात बापूकुटी आणि आदि निवास बघा. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले. माती-बांबूच्या त्या सावलीत फोन पिशवीत ठेवून अर्धा तास बसा. पुढे पवनारला विनोबांच्या आश्रमात जायचं की परत फिरायचं, हे तिथेच ठरवा, घरून ठरवून निघू नका. एप्रिल-मे मात्र टाळा, ऊन सोसवणार नाही.

बेत बहुतेक फोनमुळे फिसकटतो. दर १५ मिनिटांनी घरून विचारणा झाली की घरी बसूनच तुमचा प्रवास चालवला जातो. निघण्याआधी बाबांशी बोला: पोहोचल्यावर एक मेसेज, परतीच्या गाडीत बसल्यावर एक. गाडीचा नंबर लिहून द्या, ११२ आणि रेल्वेचा १३९ पाठ ठेवा. मैत्रिणीला पहिल्या खेपेला नेऊ नका, ती बोलकी असेल तर सगळं तीच विचारेल.

रात्री वहीत तीन रकान्यांत लिहा: आज मी काय ठरवलं, काय चुकलं, कुठे मन रमलं. असे चार-पाच प्रवास झाले की शेवटचा रकाना सलग वाचा. पुढच्या, मुक्कामाच्या प्रवासाची जागा त्यावरून निवडा, आणि खोलीसाठी फोन तुम्हीच करा.