मेडिकलची नीट परीक्षा क्लिअर नाही झाली, तरी कॅन्सरवर काम करता येईल का?

सांगलीहून एका टीवायच्या मुलीचं पत्र आलंय. झूलॉजी घेतलंय, सेल सायकलचा, म्हणजे पेशी वाढून विभागण्याच्या चक्राचा चॅप्टर खूप आवडला, पुढे कॅन्सर रिसर्च करायचाय, पण घरचे म्हणतात एमबीबीएस नाही तर कॅन्सरचं काय करणार, त्यापेक्षा बीएड कर.

अगं, पहिलं म्हणजे घरच्यांना हे सांग की याच सेल सायकलवरच्या कामासाठी २००१ चं मेडिसिनचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, हार्टवेल, नर्स आणि हंट, त्यातले दोघं यीस्टवर काम करत होते आणि हंट समुद्रातल्या सी अर्चिनच्या अंड्यांवर. १९८२ मध्ये हंटना एक प्रोटीन दिसलं जे पेशी विभागायच्या आधी वाढत जातं आणि विभागताना गायब होतं, तेच सायक्लिन. पेशंट कुठेच नाही! आणि त्याच धाग्यावरून पुढे सायक्लिनचे जोडीदार एन्झाइम अडवणारं पाल्बोसिक्लिब हे औषध आलं, २०१५ मध्ये अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे तुला आवडलेला चॅप्टर नुसता परीक्षेपुरता नाहीये.

पण फक्त सेल सायकलच्या फेज पाठ करून भागणार नाही हां. डीएनए तुटलेला असताना पेशी थांबते का नाही, हा खरा प्रश्न. थांबवणाऱ्यांमध्ये पी५३ हे प्रोटीन मोठं, आणि साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये तेच बिघडलेलं सापडतं, मग तुटका डीएनए तसाच कॉपी होतो, क्रोमोसोम चुकीचे वाटले जातात, एका चुकीवर दुसरी चढत जाते आणि त्यातून जास्त हट्टी पेशी टिकतात. हे तुला स्वतःच्या शब्दात आईला सांगता आलं तर इंटरव्ह्यूलाही सांगता येईल.

आता रस्ता. एमएस्सीसाठी जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर दे, त्यात बारावीचं मॅथ्स-फिजिक्स-केमिस्ट्री पण येतं, झूलॉजीवाले तिथेच मार खातात, म्हणून आत्तापासून काढून बस. गॅट-बी, म्हणजे बायोटेक्नॉलॉजीची दुसरी प्रवेश परीक्षा, तिचा फॉर्म पण भर. नंतर नेट परीक्षेतून रिसर्चसाठी मिळणारी जेआरएफ फेलोशिप, महिना ३७ हजार आणि वर एचआरए, हा आकडा बाबांना आवर्जून सांग. पीएचडीसाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचंच कॅन्सर रिसर्च सेंटर, पुण्यात एनसीसीएस आणि आयसर या रिसर्च संस्था. थोडं आर किंवा पायथन, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामिंगची एखादी भाषा शिकून ठेव, कारण जीनोमचा डेटा हाताने बघायचे दिवस गेले.

खरं सांगायचं तर पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि नंतर पर्मनंट जागा कमी आहेत, हे झाकून ठेवणार नाही. बीएड नंतरही करता येतं, एमएस्सी झाल्यावर सुद्धा. म्हणून आधी या सुट्टीत एखाद्या लॅबला समर ट्रेनिंगसाठी मेल टाक, चार ओळींचा, सर्टिफिकेटांची यादी न जोडता.